पक्षकार संपर्कात नाही

चेंडूला दोन डोळे होते, त्यातला एक पुसला गेला होता. पिवळा, मऊ, हसऱ्या तोंडाचा तो चेंडू विजयश्रीनं मुठीत आवळला की तोंड आत जायचं आणि मूठ सैल केली की पुन्हा हसत वर यायचं, निर्लज्जासारखं. सकाळी कार्यशाळेच्या नोंदणीच्या टेबलावर प्रत्येक वकिलाच्या हातात फोल्डर, पेन आणि हा चेंडू ठेवला होता. तणाव आला की दाबायचा म्हणे. चिंचवडच्या त्या गारढोण हॉलमध्ये चाळीस-पन्नास वकील ओळीनं बसून चेंडू दाबतायत... शेजारच्या रणजीतनं तिच्या मुठीकडे पाहिलं. "मॅडम, फुटेल की राव तो! कुणाचा गळा समजून दाबताय?" ती हसली. कामगार न्यायालयात हा पंधरा वर्षं कंपन्यांच्या बाजूनं उभा राहायचा आणि ती कामगारांच्या. त्याला हसून उत्तर द्यायची तिला सवयच होती.

सकाळच्या तासाला मनःस्वास्थ्याच्या बाईंनी डोळे मिटायला सांगितले होते—जिथं सुरक्षित वाटतं अशी जागा आठवा. विजयश्रीला आठवला कोर्टाबाहेरचा बाक आणि त्यावर पिशवी मांडीवर धरून बसलेली मंजुळाबाई. अगं बाई, ही इथंही आली! तिनं डोळे उघडले तर बाकीचे सगळे शांत, मिटलेले, एकदोघं तर चक्क घोरत होते. मग विविधतेचा तास. पक्षकाराशी त्याच्या भाषेत बोला, कोर्टाची भाषा त्याला परकी असते... हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या परकेपणाचा तर तिनं फायदा घेतला होता.

मंजुळाबाई लातूरकडची. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला अकरा वर्षं काढली, आणि एके दिवशी गेटवरच्या झडतीत पिशवीत हातमोज्यांचे दोन जोड निघाले. तिचेच मोजे, धुवायला घरी नेलेले—सगळ्याच बाया न्यायच्या. दुसऱ्या दिवशी चोर म्हणून काढून टाकलं, ना चौकशी ना काही. "ताई, नोकरी गेली तर जाऊ द्या," पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, "पर चोर न्हाई एवढं कोर्टानं लिहून द्यावं. मी कुणाच्याबी घरात गेले की बाया कपाटाला कुलूप लावायल्यात." विजयश्रीनं तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, देईल, नक्की देईल.

करायचं काय होतं, तर मंजुळाबाईच्या पुराव्याचं शपथपत्र. सहा-सात पानं. एका संध्याकाळचं काम! आणि विजयश्रीला ते जमलं नाही—फाईल उघडायची, पहिलं पान वाचायचं, मिटायची. तीन तारखा गेल्या, चौथ्या वेळी न्यायाधीशसाहेबांनी शेवटची संधी दिली, तरी नाही. काही झालं असतं तर सांगता तरी आलं असतं... आजारपण, घरातलं काही. तसं काहीच झालं नव्हतं, तिला नुसतं पहिल्या पानापुढे जाववत नव्हतं, आणि हे कुणाला सांगायचं तर लाजेनं मरायची वेळ. तक्रार शपथपत्राविना गेली असती तर निकालात वकिलाच्या हलगर्जीवर दोन ओळी आल्या असत्या. म्हणून तिनं पुरसिस दिली—वकिलानं कोर्टाला लिहून द्यायचं चार ओळींचं निवेदन—की पक्षकार संपर्कात नाही, सूचना देत नाही, सबब मी या कामातून मुक्त होते. शिपायानं नावाचा पुकारा केला, कुणी आलं नाही, पक्षकार गैरहजर म्हणून तक्रार निकाली. संपर्कात नसलेली पक्षकार दहा मिनिटांनी जिना चढून वर आली. "काय झालं, ताई?" आणि विजयश्रीच्या तोंडून निघालं, "पुढच्या महिन्यात तारीख पडली, मंगळवारची." त्याला आज सव्वीस दिवस. तीस दिवसांत अर्ज केला तर तक्रार पुन्हा उभी राहते. पण अर्जात खरं कारण लिहावं लागतं.

घाबरून झालं हो ऐनवेळी... ती स्वतःला रोज हेच सांगत होती.

जेवणानंतर नीतिमत्तेचा तास घ्यायला उद्धवराव उभे राहिले. सत्तरीचे, या भागातल्या निम्म्या वकिलांनी त्यांच्या हाताखाली फायली उचललेल्या, विजयश्रीनंसुद्धा. "काम सोडायचं तर कसं सोडावं, त्याचा एक नमुना कोर्टातून मिळवलाय," ते म्हणाले. पडद्यावर कागद आला. नावांवर काळी पट्टी होती, पण 'सबब' आणि 'सविनय' हे शब्द कुठे येतात ते पाहूनच तिनं आपला कागद ओळखला. "बघा. भाषा कशी स्वच्छ. पक्षकाराला आधी रजिस्टर पोस्टानं नोटीस. पावती जोडलेली. कुणाची ते सांगत नाही, पण ती व्यक्ती इथंच बसलीय आणि तिला मी शिकवलंय, याचा मला अभिमान आहे." माना वळल्या. रणजीतनंच पहिली टाळी वाजवली.

आणि विजयश्री लाजल्यासारखी हसली. हसली! एवढं करून वर लाजायचं नाटक—छी.

पावती भिंतीएवढी झाली होती. तारीख अठ्ठावीस. वर पुरसिशीची तारीख पुढच्या महिन्यातली सात. मधे नऊ दिवस. नऊ दिवस आधी ती पोस्टात गेली होती, रांगेत उभी राहिली होती, काळेवाडीचा जुना पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला होता—मंजुळाबाई देहूरोडला राहायला गेल्याचं तिनंच फायलीवर टिपलेलं असताना. ऐनवेळी? कसली ऐनवेळ? मग त्या दिवशी मंजुळाबाईला खाली आधार कार्डाची झेरॉक्स काढायला पाठवलं, तेही... झेरॉक्स फायलीत होतीच. दोन होत्या. पुकारा त्या बाईच्या कानावर पडू नये एवढ्याचसाठी मी तिला खाली पाठवलं. मी चोरी केली, आणि चोर तिला म्हणतात.

मांडीवरचा फोन थरथरला. मंजुळाबाई. रोज कापायची तसा आजही तिचा अंगठा लाल खुणेवर गेला, पण टाळ्या अजून पुरत्या थांबल्या नव्हत्या आणि त्यांच्यापेक्षा ते बोलणं सोपं वाटलं. ती हॉलबाहेर आली.

"ताई, तारीख मंगळवारचीच हाय ना? आता घरकामं करते न्हवं, तिथं सुट्टी सांगायची हाय."

विजयश्रीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, एक विचारू का? रागावू नका. त्या दिवशी झेरॉक्सला मला लई येळ लागला. लाईट गेलती. तवापास्नं तुमी फोन घेईना झाल्या. माज्यामुळं केशीत काई इस्कोट झाला का?"

"नाही," विजयश्री म्हणाली. "तुमच्यामुळं नाही."

"मंग बरं बाई. जीव नुस्ता टांगणीला लागला होता."

आता मंजुळाबाईनं विचारायला हवं होतं, मग कुणामुळं? तिनं विचारलं नाही. विश्वासानं नुसती थांबून राहिली, भांडी ठेवल्याचा आवाज येत राहिला. आत रणजीत तिच्या नावानं हाक मारत होता, फोटो काढायचा होता. विजयश्रीच्या ओठांवर एकच शब्द आला होता, 'माझ्यामुळं', पण तो बाहेर पडेना. सव्वीस दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटत होतं, या बाईनं एवढ्यात फोन ठेवू नये.