सरळ पिसांच्या कोंबड्या

अण्णांना जाऊन दीड महिना झाला आणि तृप्ती पेठला गेली, ती कोंबडा परत आणायलाच.

कोंबडा तिच्या वडिलांचा. उलट्या पिसांचा, वाऱ्याने विस्कटावीत तशी सगळी पिसं डोक्याकडे वळलेली. ही जुनी जात आता डोंगरातल्या पाड्यांवरही दिसेनाशी झाली होती. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी पाडे पालथे घालून सात-आठ पक्षी जमवले आणि पेठजवळच्या कुसाबाईकडे वाट्याने ठेवले. पक्षी अण्णांचे, सांभाळ तिचा, पिलं निम्मी-निम्मी. तेव्हापासून चौदा वर्षं दर रविवारी सकाळची एसटी त्यांनी चुकवली नाही. तृप्तीचं घर नाशकातच, त्यांच्या दारापासून चालत पंधरा मिनिटांवर. तिथे ते दिवाळीला येत.

तृप्ती वाचनालयात नोकरीला होती. माणसं एकमेकांचा हेवा कसा करतात, हे तिने पुस्तकांतून भरपूर वाचलं होतं. वडिलांच्या कोंबड्या राखणाऱ्या बाईचा आपल्याला हेवा वाटावा याची तिला लाज वाटे, पण म्हणून तो कमी होत नव्हता. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात अण्णा बोलेनासे झाले होते. एका दुपारी त्यांनी खुणेनेच फोन मागितला. तो त्यांच्या कानाशी तृप्तीनेच धरला. "बाई, तांबडी अंड्यांवर बसली का?" त्यांनी विचारलं, आणि पलीकडचं उत्तर ऐकून हसले. त्यानंतर ते हसले नाहीत.

कुसाबाईच्या अंगणात उलट्या पिसांचा तो कोंबडा होता, तशाच दोन कोंबड्या होत्या, आणि त्यांच्यात मिसळून सरळ पिसांच्या चार-पाच अगदी साध्या कोंबड्या दाणे टिपत होत्या. तृप्तीच्या मनात आलं, बघा, बाईने जात बाटवली. वर मात्र ती एवढंच म्हणाली की उलट्या पिसांच्या तेवढ्या नेते, बाकीच्या तुम्हाला राहू द्या.

कुसाबाई भात पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "सरळ्या बी ने ना, ताई. अण्णांच्याच हायेत त्या."

तिच्या तोंडचं 'अण्णा' तृप्तीला टोचलं. ते नाव घरातलं होतं.

"नको. मला शुद्ध ठेवायच्या आहेत."

कुसाबाई आणखी काही सांगायला लागली होती, पण तोवर तृप्तीने पाठ फिरवून जीपवाल्याला हाक मारली होती. पक्षी पाटीत घालताना कुसाबाईने कोंबड्याच्या मानेवरून बोट फिरवलं, तेही तिला आवडलं नाही.

अण्णांच्या घरामागच्या अंगणातलं खुराडं तिने स्वतः सारवलं. नोव्हेंबरात कोंबडी अंड्यांवर बसली आणि नऊ पिलं निघाली. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली. अण्णांचं काम आता अण्णांच्या घरात चालणार होतं, मध्ये कोणी नव्हतं.

मग पिसं फुटू लागली. चार पिलं बापासारखी झाली. दोन सरळ पिसांची निघाली. तृप्तीने त्याचाही दोष कुसाबाईला दिला. उरलेल्या तिघांची पिसं मात्र यायची आणि काडीसारखी मोडायची. लाल कातडी उघडी पडली. जानेवारीची थंडी होती. तिने अण्णांची शाल कापून खोक्यात घातली, वर दिवा लावला. तरी एका सकाळी दोन पिलं ताठ झालेली सापडली. तिसरं खोक्यात घेऊन ती रविवारच्या एसटीत बसली.

कुसाबाईने पिलू पाहिलं आणि काही न विचारता पदराखाली घेतलं.

"उलट्याला उलटीच लावलीस," ती म्हणाली. "दोन्हीकडनं उलटं आलं का एखाद्या पिलाच्या अंगावर पीस धरत नाय. सरळी लागतेच. जात तीच टिकवते."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तू ऐकत व्हतीस का?"

कुसाबाईने पदर सारखा केला.

"अण्णांनी बी पयल्या वर्साला ह्येच केलं. अकरा पिलं गेली. त्या जात्यापाशी बसून लय रडले. म्हणले, आमच्या तृप्तीला कधी सांगू नको, तिला वाटतं बापाला सगळं येतं."

तृप्तीने जात्याकडे पाहिलं. अण्णांना रडताना तिने कधीच पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. तिच्यापुढे ते चौदा वर्षं सगळं येणारे बाप राहिले होते, आणि इथे, या बाईपुढे, नुसते बसून रडले होते. पिलांपेक्षा तिला तेच जास्त लागलं.

"कोणत्या बाजूला बसले होते?" तिने विचारलं.

कुसाबाईने हाताने भिंतीकडची जागा दाखवली. तृप्ती तिथे गेली नाही.

निघताना कुसाबाईने दोन सरळ पिसांच्या कोंबड्या धरून पाटीत घातल्या. "वाट्याने देते," ती म्हणाली. "निम्मी पिलं माझी. तूच आणून द्यायची, रविवारी."

नको म्हणायचं तृप्तीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने पाटी उचलली.

उघडं पिलू कुसाबाईच्या पदराखाली झोपलं होतं. ते तिने परत मागितलं नाही.