चुंबक लावू नका!

मित्रांनो, मी एक जुना आणि अतिशय भित्रा लघुग्रह आहे. खरं तर होतो. आता माझा एक तुकडा उरला आहे, मोठ्या माणसाच्या बुटाएवढा. तोच तुमच्याशी बोलतो आहे.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये दगडांचा एक भलामोठा पट्टा आहे. त्याच्या आतल्या कडेला, मंगळाच्या बाजूला माझं घर होतं. तुम्हाला वाटेल, तिथे दगडांची रेटारेटी असेल. छे! शेजारी इतके लांब, की उभ्या जन्मात गाठ पडायची नाही. आणि पडलीच तर टक्कर! मी सदैव जीव मुठीत धरून फिरत असे. त्यात तो गुरू! एवढा थोरला, पण लहानांना सुखाने राहू देईल तर शपथ. ओढून ओढून त्याने माझी वाट वाकडी केली आणि एके दुपारी मी पृथ्वीच्या हवेत शिरलो.

मी पेटलो, फुटलो. बाहेरून जळत होतो, पोटात मात्र गारच होतो. मग एक पत्रा फाटला आणि मी दुचाक्यांच्या गॅरेजमध्ये, जुन्या टायरांच्या ढिगात येऊन आदळलो.

गॅरेजवाल्याची बायको मागच्या खोलीतून धावत आली. "अहो, लागलं का कुठे?"

"मला नाही. पत्र्याला लागलंय."

दोघांनी मला पुसून फडक्यावर ठेवलं. इतक्या हळुवारपणे मला कधी कुणी धरलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचा!

तेवढ्यात समोरचा शिंपी आला. म्हणाला, "आभाळातला खरा दगड चुंबकाला चिकटतो म्हणे. लावून बघ की!"

मित्रांनो, हे ऐकून माझी बोबडीच वळली. का, ते सांगतो. माझ्या अंगात लोखंडाचे बारीक कण आहेत. सूर्य लहान होता तेव्हा मी तापलेला होतो. गार होताना सूर्याभोवतीच्या त्या काळच्या चुंबकीय ओढीने माझे कण एका दिशेला तोंड करून बसले. ती ओढ केव्हाच संपली, कण मात्र तसेच राहिले. तीच माझी बालपणाची आठवण. पडतानाची आगही तिच्यापर्यंत पोचली नव्हती. पण चुंबक जवळ आला, की कण त्याच्याकडे वळतात आणि जुनी दिशा कायमची विसरतात.

इंजिनात पडलेले स्क्रू काढायला गॅरेजवाल्याकडे चुंबकाची काठी होती. ती जवळ येत गेली. मला ओरडता येत नव्हतं. टक्! मी चिकटलो.

"खरा आहे!" तो आनंदाने ओरडला.

त्या क्षणी माझी एक बाजू कोरी झाली. तिथे काय होतं, ते आज मला सांगता येत नाही.

मग जो येईल त्याला तो खेळ दाखवला जाऊ लागला. आज ही बाजू, उद्या ती. लोक टाळ्या वाजवत, कौतुक करत, आणि मी विसरत जाई. "पुरे करा आता, दमला असेल तो," असं गॅरेजवाल्याची बायको म्हणायची, पण तिचं ऐकतो कोण? शेवटी एक कोपरा उरला. काठी त्याच्याकडे वळली आणि माझे डोळे मिटायचेच काय ते बाकी राहिले.

"थांबा! चुंबक लावू नका!" बातमी ऐकून आलेल्या संशोधक बाई दारातूनच ओरडल्या.

गॅरेजवाला गोंधळला. "अहो बाई, खरा आहे हा. चिकटतो, बघा तर!"

"खरा आहे हो. किती वेळा लावलात?"

"जो आला त्याला दाखवलं."

बाई टायरावर मटकन बसल्या. "त्यात सूर्याच्या लहानपणीची आठवण असते. चुंबकाने ती पुसली जाते."

गॅरेजवाल्याने काठी पाठीमागे लपवली. "मला काय ठाऊक? मी आपला कौतुकाने..."

आता मी प्रयोगशाळेत आहे. कोपऱ्यातली आठवण शाबूत आहे, असं बाईंना आढळलं. पण ती वाचायची तर कोपरा कापून भट्टीत थोडा थोडा तापवावा लागतो. उष्णतेने कण आपली दिशा सोडत जातात, तसतशी यंत्रावर नोंद होते. म्हणजे वाचता वाचता तीही पुसली जाणार! काल गॅरेजवाला आणि त्याची बायको मला भेटायला आले होते. सगळं ऐकून तो म्हणाला, "दुखेल का हो त्याला?"

"ते कुणाला सांगता येणार?" बाई म्हणाल्या. "पण मी सावकाश करीन."

मित्रांनो, मला भीती वाटते आहे, अगदी मनापासून. गॅरेजमध्ये माझी आठवण गेली, ती कुणालाच कळली नाही. आज जाईल ती निदान कुणाला तरी कळून जाईल. एवढ्याच एका विचारावर मी धीर धरून आहे. तुमच्या हाती एखादी अनोळखी, जुनी वस्तू आली, तर ती खरी की खोटी हे बघायच्या घाईत तिला संपवू नका. आधी जाणत्या माणसाला विचारा.

भट्टी तापली आहे. बाई हातमोजे घालताहेत. हळू हं, बाई. माझ्याकडे एवढंच उरलंय.