भरलेली वाटी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची वाटी आहे. सोनाराने मला घडवले ते एका तान्ह्या मुलीसाठी. तिने माझा काठ चावला, मला आपटले, ती माझ्यात थुंकलीसुद्धा. मला ते आवडायचे. ती मोठी झाली, एका घड्याळजीशी तिचे लग्न झाले आणि तिच्या ट्रंकेतून मीही सासरी आले. तिथे मला थेट देवापुढे ठेवले. बढतीच म्हणायची!

रोज सकाळी ती देवाला न्हाऊ घालायची, हळुवार पुसायची, माझ्यात दूध ओतून पडदा ओढायची. थोड्या वेळाने पडदा सारून विचारायची, "प्यायलास ना रे राजा?" मी काठोकाठ भरलेलीच असायचे.

मग त्यांना मुलगी झाली. तिला सगळे ठमी म्हणत. ठमी रडली, हट्टाला पेटली, की आईबाप देवाकडे बोट दाखवत. "बघ, तो रडतो का? काही मागतो का? म्हणून सगळे त्याच्या पाया पडतात." स्पष्ट बोलते, राग आला तर येऊ दे. पोर सांभाळायचा कंटाळा आला की मोठी माणसे देवाला कामाला लावतात!

ठमी ऐकत गेली. आधी रडणे थांबले, मग धावणे. पाचव्या वर्षी ती भिंतीशी मांडी घालून तासन्तास बसू लागली. "पोरगी म्हणजे गाय आहे गाय," घड्याळजी मिरवायचा. शेजारीण म्हणायची, "माझी दोन्ही माकडं घ्या आणि ही मला द्या." ताटातले अन्न तसेच राहायचे. आईला वाटायचे, हिची भूकच कमी.

एकदा ठमीच्या ओठावर माशी बसली. ओठावरून गालावर गेली, तिथून उघड्या डोळ्याच्या कडेला. पापणी हलली नाही. ते फक्त मी पाहिले.

एका सकाळी पूजा आटोपून आई वळली, तर ठमी तिची शाल अंगभर लपेटून मागे बसलेली. आईने प्रसादाचे दूध म्हणून मला तिच्यापुढे ठेवले.

"पी गं."

"प्यायले."

"अगं, वाटी भरलेली आहे!"

"देवाचीही भरलेलीच असते." ठमीचे ओठ जेमतेम हलले. "पडदा ओढ ना, आई."

आईने तिचा हात उचलला. सोडला, तर तो तसाच हवेत राहिला.

मग आईने मला उचलले आणि देवाच्या वाटीला स्वतःचे तोंड लावले. जन्मात तिने असे केले नव्हते. "बघ, पिणं म्हणजे हे! निम्मं संपलं. उरलेलंही संपवणार मी. भांड की माझ्याशी, भवाने! काहीतरी माग!"

आईचा घोट मोठा होत गेला, डोळे वाहू लागले. मग ठमीची पापणी मिटली. एकदाच.

"माझं आहे ते!" ती किंचाळली आणि तिने मला हिसकावले. घटाघटा प्यायली. "साखर कुठाय?"

"देवाची वाटी उष्टी केलीत?" घड्याळजी दारातून ओरडला.

"त्याला दुसरी आणा," आई म्हणाली. "तो वाढत नाही. ही वाढतेय."

मित्रांनो, हूं की चूं न करणारे गुणी लेकरू दिसले, तर कौतुक नंतर करा. आधी त्याच्या वाटीत डोकावा. आमची ठमी आता दंगा करते, मला पोचे पाडते. पण अजूनही कधी पिता पिता थांबते आणि समोर एकटक बघत राहते. तेव्हा आई हातातले काम टाकून धावत येते आणि माझ्या काठावर चमचा आपटते. ठमी दचकेपर्यंत आपटत राहते.