सुपडूने निवडलेलं मशीन

"कयुं जोइए, काका?" गुजराती दुकानदाराने कोणतं हवं ते तिसऱ्यांदा विचारलं आणि सुपडूने तिसऱ्यांदा मान खाजवली.

काउंटरवर दोन रिदम मशीन होती. एक जुनं, वेगासाठी चक्री असलेलं. दुसरं नवंकोरं, नुसती बटणंच बटणं, आणि आत म्हणे दोनशे ताल. बटण दाबलं की ढोलकी, ताशा, सगळं आपोआप वाजणार. सुपडूला उभ्या जन्मात सहा ताल येत होते आणि तेवढ्यावर त्याने वीस वर्षं नवागामच्या मराठी वस्तीतली निम्मी लग्नं ढोलकीवर वाजवली होती. उरलेले एकशे चौऱ्याण्णव कोणाच्या लग्नात वाजवतात, हे त्याला कळेना.

त्याला इथे पाठवायची अक्कल बँडचा मालक वाल्मिक याची. "सुपडूभाऊ, तालमधलं तुमलेच समजस. आते समद्याकडे मशीन उनं. आपलाकडे नही ते सुपारी कोन दी?"

"आनि मन्ही ढोलकी?"

"ती शेच ना," वाल्मिक म्हणाला होता, पण खाली बघून.

वाईट मशीन न्यावं तर बँड बसणार. चांगलं न्यावं तर आपणच घरी बसणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये हा दुकानदार घड्याळ बघत उभा.

"दोनों बजाव," सुपडू म्हणाला.

एरवी तो सांच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर कामाला असे, लूमच्या खात्यात. तिथल्या खडखडाटाने त्याचे कान केव्हाच जड झाले होते. सांचा नीट चाललाय की नाही, हे तो लोखंडावर तळवा ठेवून ओळखायचा. ठोका चुकला की कापडात दोष पडणार, हे हाताला आधी कळायचं. तसाच तळवा त्याने जुन्या मशीनच्या स्पीकरवर ठेवला. चक्रीला बोट लागलं की ठोका मागेपुढे व्हायचा. मग हात नव्यावर ठेवला. एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. असा सांचा मिळाला तर शेठ पेढे वाटेल.

"ये," तो म्हणाला. हात उचलल्यावर मात्र त्याने जुन्याची चक्री एकदा उगाच फिरवली. का, ते काही त्याला उमगलं नाही.

रविवारी दुपारी नवागाममध्ये हळद होती. कीबोर्डवाल्या लखनने मशीनचं बटण दाबलं आणि पोरं अशी नाचली की मांडवाचे बांबू हलले. वाल्मिकने येऊन पाठ थोपटली. "भाऊ, सोनं निवडं तुम्ही." ढोलकी टेम्पोतच राहिली होती. आनंद मानावा की रडावं, हे सुपडूला ठरवता येईना.

मग नवरदेवाची आत्या भागीरथी उठली. डाव्या पायाने ती लंगडायची, पण कुठल्या भाच्याच्या हळदीत नाचली नाही असं कधी झालं नव्हतं. तिने उजवा पाय टाकला. डावा टेकेपर्यंत ठोका पुढे निघून गेला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. ती भांबावून सुपडूजवळ आली.

"सुपडू, मन्हा पायले काय व्हयनं रे?"

तेव्हा कुठे सुपडूच्या डोक्यात उजेड पडला. तिचा डावा पाय जमिनीला टेकेपर्यंत तो वीस वर्षं ठोका धरून ठेवत आला होता. तिला ते माहीत नव्हतं आणि खरं म्हणजे त्यालाही नव्हतं. हात आपसूक थांबायचा. दुकानात मात्र त्याने सांच्यावरच्या माणसाच्या हाताने निवड केली होती. त्या हाताला थांबणं म्हणजे बिघाड. त्याला स्वतःचीच फार लाज वाटली.

"पायले काही नही व्हयनं, माय," तो म्हणाला.

मशीन बंद करायला सांगितलं असतं तर पोरं अंगावर आली असती. त्याने मशीनचं रिकामं खोकं ओढलं, मांडवाच्या कडेला बसून मांडीवर घेतलं. "मन्हा खांदावर हात ठेव."

खोक्यावरची थाप त्या गदारोळात कोणाला ऐकू जाणार नव्हती. त्याची त्यालाही येत नव्हती. खांद्यावरच्या तळव्याला मात्र ती कळणार होती. भागीरथीने खांद्यावर तळवा टेकला, क्षणभर थांबली आणि उजवा पाय टाकला. मग डावा उचलला. सुपडूचा हात वर थांबून राहिला. पाय टेकला, तेव्हाच हात खाली आला.