पोरीच्या नावची हजेरी

नथ्थू मोहुर्ले यांनी आयुष्यात एकदाही खोटी हजेरी लिहिली नाही, आणि हे ते कोणी न विचारताही सांगत. चामोर्शीजवळच्या त्यांच्या गावात रोजगार हमीचं काम निघालं, मग ते तळ्याचा गाळ काढायचं असो की रस्त्यावर माती टाकायचं, मुकादम म्हणून नथ्थूभाऊच ठरलेले. वीस वर्षं त्यांनी हजेरीचं मस्टर सांभाळलं. त्यांचा नियम सोपा होता. नाव आहे आणि माणूस नाही, तर ती चोरी. पण सून तापाने पडली आणि तिच्या जागी सासू फावडं घेऊन आली, तर हजेरी सुनेच्या नावावर लागणार. घरचं माणूस आलं, माती निघाली, आणखी काय पाहिजे? वरच्या साहेबांना हे चाललं असतं का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, कारण वरचे साहेब तळ्यात कधी उतरलेच नव्हते.

त्यांची एकुलती मुलगी दिव्यानी बी.कॉम. झाली आणि गेल्या नोव्हेंबरात पुण्याच्या एका कंपनीत लागली. दवाखान्यांच्या विम्याचे कागद तपासायचं काम होतं. कंपनीचं एक ऑफिस चंद्रपुरातही होतं, पण करोनापासून तिथे धूळच जास्त बसायची आणि माणसं कमी. घरूनच काम करायचं, असं दिव्यानीला सांगितलं होतं. मधल्या खोलीत टेबल लागलं, गावातला तिसरा वायफाय मोहुर्ल्यांकडे आला, आणि आशाबाई, म्हणजे दिव्यानीची आई, येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू बोला म्हणून दटावू लागल्या.

एप्रिलमध्ये कंपनीला आपल्या ऑफिसची आठवण झाली. महिन्यातून बारा दिवस चंद्रपूरला आलंच पाहिजे, असं फर्मान निघालं. कोण आलं, कोण नाही, हे कोणी माणूस बघणार नव्हता. दारावर मशीन होतं. त्याला गळ्यातलं कार्ड टेकवलं की पुण्याला कळायचं. बारा दिवस भरले की नावापुढे हिरवा रंग, नाही भरले की लाल. नव्या लोकांची नऊ महिने परीक्षा असायची आणि त्यात शेवटचा महिना लाल पडला तर कायम होण्याचं नाव काढायचं नाही, घरी बसायचं. दिव्यानीचा शेवटचा महिना जुलै होता.

ती नऊ दिवस जाऊन आली आणि एका रविवारी, धानाच्या रोवण्याला आलेल्या बायांसाठी चहा नेताना बांधाच्या धुऱ्यावरून घसरली. घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आणि महिनाभर पाय खाली टेकवायचा नाही. तिला सुट्टी मिळत होती, पण सुट्टी म्हणजे हजेरी नव्हे. डॉक्टरचं सर्टिफिकेट पाठवलं, तर पुण्याहून उत्तर आलं की विचार चालू आहे. स्टुलावर पाय ठेवून ती घरून काम करतच राहिली, पण मशीनला त्याचं काय? तीन दिवस कमी पडत होते आणि महिना संपायला चारच दिवस राहिले होते.

हे सगळं ती फोनवर चंचलला सांगत होती. चंचल तिची ऑफिसातली मैत्रीण. नथ्थूभाऊ बाहेर ओसरीत विळ्याला मूठ बसवत होते. सांगता सांगता पोरगी रडायला लागली. दहावीनंतर तिला रडताना त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांच्या हातातलं काम थांबलं. आणि मग त्यांना एकदम हायसं वाटलं, कारण हे तर त्यांच्या रोजच्या अनुभवातलं होतं. पोरगी पडली आहे, घरात दुसरं माणूस धडधाकट आहे. यात रडण्यासारखं काय आहे?

तिला सांगितलं असतं तर ती म्हाताऱ्या बापाला पाठवायला तयार झाली नसती. म्हणून सकाळी पाचला त्यांनी खुंटीवरचं तिचं कार्ड गळ्यात अडकवलं, आशाबाईंना खताचं काम आहे म्हणाले आणि पहिल्या एसटीने मूल गावामार्गे चंद्रपूरला निघाले.

ऑफिस नागपूर रोडवर दुसऱ्या मजल्यावर होतं. पुढची माणसं दाराशी कार्ड टेकवत होती, तसं त्यांनीही टेकवलं. हिरवा दिवा लागला, दार उघडलं. दारावरचा लटारू नावाचा चौकीदार त्या वेळी कुरिअरवाल्याशी हुज्जत घालत होता, त्याने मान वर केली नाही. कार्डाचा पट्टा पिळला गेल्यामुळे फोटोची बाजू छातीकडे होती. लपवायचा विचार नथ्थूभाऊंच्या मनातही नव्हता.

आत गेल्यावर त्यांनी चंचलला गाठलं आणि आपण दिव्यानीचे बाबा असल्याचं सांगितलं. तिला वाटलं, सर्टिफिकेटचं विचारायला आले असतील. तिने चहा दिला आणि इथले साहेब, हेमराज, यांच्याकडे नेलं. हेमराज वरोऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, बोलायला मोकळा माणूस होता. धानाचं काय, कापसाचं काय, असं दहा मिनिटं बोलणं झालं. निघताना नथ्थूभाऊंनी स्वच्छ सांगितलं, "साहेब, पोरगी उभी होईपर्यंत मी हाय तिच्या जागी." हेमराजला बापाची ही माया फार आवडली. "हो हो, तुम्हीच तर आहात तिला," तो म्हणाला. नथ्थूभाऊंनी समजून घेतलं की साहेबांनी पोरीच्या जागी बदली माणूस मंजूर केला.

मग ते एका रिकाम्या खुर्चीवर बसले. पण नुसतं बसून हजेरी लावायची, हे त्यांना जड जायला लागलं. तासाभराने त्यांनी पाण्याचा रिकामा कॅन उतरवून भरलेला चढवला. दुपारनंतर कोपऱ्यात पडलेली जुन्या कागदांची खोकी वर्षाप्रमाणे लावून ठेवली. पोरं येता-जाता काका, काका म्हणत होती. कोणाला वाटलं, साहेबांकडे आलेत, कोणाला वाटलं, नवा माणूस ठेवलाय. सहा वाजता कार्ड टेकवून ते बाहेर पडले आणि खताचं काम आज झालं नाही, असं घरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बस भरून आली. मूलपासून चंद्रपूरपर्यंत ते दांडीला धरून उभे राहिले. परत येताना कडेची जागा मिळाली. शेजारी एक मुलगी बसल्या बसल्या झोपली होती आणि प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं खिडकीवर आपटत होतं, तरी ती जागी होत नव्हती. नथ्थूभाऊंनी तिच्या डोक्याशी आपला दुपट्टा घडी करून लावला. त्यांना आठवलं की दिव्यानी रात्री आठला घरी आली की ते म्हणायचे, दिवसभर बसूनच तर असते, आईला हात लाव. ती काही न बोलता हात लावायची. एप्रिलमध्ये तिने चंचलसोबत चंद्रपुरात खोली करू का, असं विचारलं होतं. पोरीने एकटीने शहरात राहायचं, लोक काय म्हणतील, असं म्हणून त्यांनीच विषय संपवला होता. घरी पोचेपर्यंत त्यांच्या मनातून ते जाईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून हेमराजला फोन आला. दिव्यानी मोहुर्लेचं कार्ड तीन दिवस चंद्रपुरात येतंय आणि त्याच वेळी तिचा लॅपटॉप चामोर्शीकडच्या नेटवर चालतोय, हे कसं? हेमराजने दिव्यानीला फोन लावला आणि कार्ड कुठे आहे, असं विचारलं. ती म्हणाली, खुंटीवर. मग तिने वळून पाहिलं, तर खुंटी रिकामी होती. हेमराज केबिनच्या बाहेर आला. समोर नथ्थूभाऊ आशाबाईंनी बांधून दिलेली भाकर उघडून बसले होते. त्याने जवळ जाऊन त्यांच्या गळ्यातलं कार्ड उलटं केलं. दिव्यानी त्यात हसत होती.

केबिनमध्ये फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना जोडलं. एकीकडे पुण्याच्या मॅडम, दुसरीकडे दिव्यानी. मॅडम शांतपणे बोलत होत्या. त्यांच्या हिशोबाने दोनच गोष्टी शक्य होत्या. कार्ड दिव्यानीने दिलं असेल, तर ती फसवणूक झाली आणि नोकरी आजच संपली. तिने दिलं नसेल, तर एक बाहेरचा माणूस चोरलेल्या कार्डावर तीन दिवस रुग्णांच्या कागदांमध्ये वावरला, म्हणजे पोलिसांत तक्रार करावी लागेल.

पोरीचे तीन दिवस भरायला आलो आणि तिची सगळीच नोकरी बुडवली, हे नथ्थूभाऊंना आत्ता कळलं. तोंड उघडणार, तेवढ्यात फोनमधून दिव्यानीचा आवाज आला.

"कार्ड मीच दिलं, मॅडम. बाबांना यातलं काही समजत नाही."

"खोटं बोलून राह्यली ते," नथ्थूभाऊ फोनवर वाकून म्हणाले. "खुंटीवरून म्या काढलं, तिले न सांगता."

"बाबा, तुमी चूप बसा."

मॅडमनी दोघांना थांबवलं आणि नथ्थूभाऊंना विचारलं की दुसऱ्याच्या कार्डावर आत जाऊ नये, एवढंही त्यांना वाटलं नाही का. मग नथ्थूभाऊंनी बदलीची रीत सांगितली. सून आजारी असली की सासू कशी येते, तळ्यावर कधी कोणी त्याला चोरी म्हटलं नाही, आणि साहेबांना तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला.

"बाई, म्या वीस वर्षं मस्टर घेतलं, तोंड पाहून. तुमचं मशीन तोंड पाह्यत असतं तर मले दारातच अडवलं असतं. चूक माही हाय, मले मान्य हाय. काय करायचं ते माह्यं करा. पोरीनं एक दिवस काम सोडलं नाई, पाय मोडला तरी."

मग मॅडम म्हणाल्या की हेमराजने तासाभरात लेखी कळवावं, दोघांपैकी खरं कोण बोलतंय. फोन बंद झाला.

हेमराज कॉम्प्युटरसमोर बसून राहिला. खरं कोण बोलत होतं, हे त्याला कळलं होतं, आणि खरं लिहिलं तर पोलीस येणार, हेही. त्याला स्वतःचाही राग येत होता. शेवटी त्याने लिहायला घेतलं आणि नथ्थूभाऊ समोरच होते म्हणून त्यांना वाचून दाखवलं. मुलीला माहीत नव्हतं. वडिलांनी पहिल्याच दिवशी माझ्या केबिनमध्ये येऊन, मी तिच्या जागी आलो आहे, असं सांगितलं. मी त्यांच्यासोबत चहा घेतला आणि कार्ड पाहिलं नाही. जो माणूस येऊन सांगतो तो चोर नसतो, न ऐकणारा मी होतो. या तीन दिवसांत दिव्यानीने घरून दोनशे चौदा प्रकरणं तपासली. ऑफिसात बसलेल्यांपैकी कोणाचीही एवढी झालेली नाहीत.

"साहेब, तुमच्यावर येईन न हे," नथ्थूभाऊ म्हणाले.

"येऊ द्या," हेमराज म्हणाला. "चूक माझीच आहे."

साडेचारला उत्तर आलं. तीन दिवस कापले, जुलै लाल. हेमराजला लेखी समज. पोलिसांत तक्रार नाही. दिव्यानीला काढणार नव्हते, पण कायमही करणार नव्हते, तिची परीक्षा आणखी तीन महिने वाढवली होती. त्यात पुन्हा लाल पडली, तर मात्र कोणाचं ऐकणार नव्हते. लटारूने कार्ड एका पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि तिच्याच हातात द्या म्हणून दोनदा बजावलं.

नथ्थूभाऊ घरी पोचले तेव्हा दिव्यानी ओसरीत स्टुलावर पाय ठेवून बसली होती. आशाबाईंनी पाणी दिलं आणि खताचं काही न विचारता आत गेल्या, म्हणजे त्यांनाही सगळं कळलं होतं. नथ्थूभाऊंनी पाकीट पोरीच्या मांडीवर ठेवलं आणि खाली बसले. त्यांना वाटत होतं, आता बोलेल, चिडेल. तिने विचारलं, जेवले का.

"थे भाकर तशीच राह्यली," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "फोनवर खोटं काऊन बोलली?"

"तुमाले पोलीस घेऊन गेले असते."

"अन् नोकरी?"

"नोकरी दुसरी भेटते," दिव्यानी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसलेही नाहीत.

वीस वर्षं लोकांची नावं लिहिली, पण आपल्या पोरीने आपल्यासाठी सगळं पणाला लावावं, एवढं आपण तिच्यासाठी काय केलं, हे नथ्थूभाऊंना आठवेना. ते पाय चोळत राहिले. तीन दिवसांत घोटे सुजले होते.

"प्लास्टर निंगालं का चंद्रपूरले खोली पाह्य," ते म्हणाले. "चंचलसंग राह्य. मी येतो सामान घेऊन."

दिव्यानीने त्यांच्याकडे पाहिलं. "एप्रिलमंधी म्या हेच म्हणलं होतं, बाबा. तुमीच नाई म्हणले."

"तवा मी त्या गाडीत बसलो नव्हतो," नथ्थूभाऊ म्हणाले.