पाळी तुझीच आहे, शिरीष

“आई, उगाच काहीतरी बोलू नकोस,” म्हणालास आणि गाडीत बसून कामावर गेलास. उगाच? उगाच काय रे? तीन दिवस पाऊस कोसळतोय आणि सकाळपासून ओढ्याचा आवाज बंद आहे. तुझ्या म्हाताऱ्या आईला ते कळलं. तुला कारखान्यात अख्खी मोटार कळते, आणि एवढं कळू नये?

मी दाताळं बोलतोय. तुझ्या घराच्या मागच्या भिंतीवरचं. माझ्या दातांना तुझ्या बायकोनं दिव्यांची माळ गुंडाळलीय. पाहुणे आले की दाखवतोस, “एकदम अँटिक पीस!” अँटिक म्हणे. मी कामाचा गडी आहे.

मला इथल्याच जर्मन लोहारानं घडवलं. तेव्हा हे गाव होतं, एकवीस घरांचं. शेणाचा वास, सफरचंदाची झाडं, मधून ओढा. गावाच्या खाली ओढा रस्त्याखालच्या पाइपात शिरतो, तिथं लोखंडी जाळी आहे. तिच्यात पाला अडकला की ओढा गप्प होतो आणि पाणी उलटं गावात येतं. म्हणून पाळी असायची. ज्याच्या भिंतीवर मी, त्यानं आठवडाभर जाळी साफ करायची. रविवारी मला पुढच्या घराच्या खिळ्याला टांगायचं. बोलायचं काही नाही. टांगलं की समजायचं.

एकदा ओट्टोनं चुकवली. तरुण शेतकरी, बहिणीचं लग्न होतं. जेवण उरकून जातो म्हणाला. तेवढ्यात पाणी त्याच्या गोठ्यात शिरलं. चौदा गाई, दावणीला बांधलेल्या. मी भिंतीवरून ऐकत होतो. आधी हंबरल्या. मग गप्प झाल्या.

नंतर कारखाना वाढला, शेतांचे प्लॉट पडले. एकवीसची तीनशे घरं झाली. नवी माणसं शनिवारी गवत कापतात आणि गुपचूप ओढ्यात लोटतात. त्यांच्या भिंतींना माझ्यासाठी खिळाच नाही. ओट्टो एकटा पाळी करत राहिला. म्हातारा झाला तरी.

त्याचा गोठा पाडून २००२ साली तुझं घर उभं राहिलं. त्या रविवारी तो काठी टेकत आला, खिळा ठोकला, मला टांगलं. काठीनं ओढा दाखवला.

“या, या, श्योन!” म्हणालास त्याच्या भाषेत. हो हो, छान आहे म्हणे! त्याच्या हातावर पेढा ठेवलास. त्यानं खाल्ला आणि गेला. त्याच हिवाळ्यात मेला.

सहा वर्षं झाली. दर खंडेनवमीला मला हळदकुंकू लावतोस, झेंडू खोचतोस, हात जोडतोस. या वर्षीचा झेंडू अजून माझ्या दातांत सुकतोय. हत्यार आहे एवढं कळतं ना तुला? मग चालवत का नाहीस?

तुझी आई गेल्या महिन्यात आली. पहिल्याच दिवशी माझ्या दातांवरून बोट फिरवलं तिनं.

“शिरीष, हे गाळ काढायचं दिसतंय.”

“डेकोरेशन आहे गं, आई.”

“डेकोरेशनचे दात असे झिजतात होय रे?”

“आई, हा जर्मनी आहे. इथं सगळं कुणीतरी बघतंच.”

“कोण?”

तू फोन घेतलास.

आज सकाळी पुन्हा तेच म्हणाली, “ओढा गप्प झालाय रे.” तर तू निघून गेलास.

आणि तिला ठेवलंयस कुठं? गुडघे दुखतात, जिना नको, म्हणून बागेकडच्या खालच्या खोलीत. जिथं दावण होती, तिथंच तिचा पलंग आहे. जेवून, गोळी घेऊन झोपलीय. घरात दुसरं कुणी नाही.

पाणी कुंपणाच्या आत आलंय. वाहत नाही, नुसतं चढतंय. मघाशी तुळशीची कुंडी दिसत होती, आता दिसत नाही. मला ओरडता येत नाही. खिळ्यावरून उतरता येत नाही.

मीटिंग सोड. घरी ये. आधी आईला वर ने. मग ती माळ तोड, मला उतरव आणि जाळीवर चल.