रविवारची शांत आई

दर रविवारी आई शांत भेटायची आणि मुलगा समाधानानं घरी जायचा. आई जन्मभर शिंपीण. तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालायचा. आता विस्मरणाच्या आजारामुळं ती या शुश्रूषागृहात होती. खुर्चीत मान टाकून बसलेली असायची, पायात मुलानं हौसेनं आणलेले बूट. आजार वाढतोय, असं म्हणून तो डोळे पुसायचा.

त्या रविवारी मात्र जिन्यातच आईचा आरडाओरडा ऐकू आला. तो धावतच वर गेला.

"सिस्टर, अहो, काहीतरी द्या ना तिला!"

"दर रविवारी गोळी देतोच की, तुम्ही यायच्या आधी. तुम्हाला त्रास नको म्हणून," सिस्टर ओशाळून म्हणाल्या. "आज नव्या डॉक्टरबाईंनी थांबवलंय."

मुलगा चपापला. म्हणजे आजारानं नव्हे, गोळीनं आई अशी पडलेली असायची!

"गोळी 'लागेल तेव्हा' द्या, असं कागदावर लिहिलंय," आईजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण कोणाला लागेल तेव्हा? त्यांना, की आपल्याला? गोळी वाईट नाही हो, कधी खरंच लागते. पण आधी माणसाकडे बघायला नको? रविवारीच का ओरडतात या? रविवारी वेगळं काय असतं?"

सिस्टरांची नजर खाली गेली. "बूट... मुलाला बरं वाटावं म्हणून रविवारीच घालतो."

डॉक्टरबाईंनी खाली बसून बूट काढले. अंगठा लालबुंद, नख मांसात रुतलेलं! रोग रेड्याला आणि औषध पखालीला! दुखत होता पाय आणि सगळे मिळून झोपवत होते डोकं!

आईनं मोठा श्वास सोडला. मग मुलाला जवळ ओढून त्याची कॉलर चाचपली.

"हे टाके घातलेत की कुंपण?"

तिची बोटं त्याच्या गळ्याभोवती फिरली.

"मानेत बारीक झालायस. जेवत नाहीस?"

मुलाचं नाव तिला आठवलं नव्हतं. पण त्याच्या मानेचं माप बोटांना पाठ होतं! एवढी सगळी आई इथंच होती, दर रविवारी, गोळीच्या पलीकडे! त्याला हुंदका आवरेना.

त्या दिवसापासून तिथं नियम झाला: गोळी का दिली, आधी काय करून पाहिलं, गुण आला का, हे दर वेळी लिहायचं आणि डॉक्टरांनी दर महिन्याला तपासायचं. पुढच्या रविवारी आईनं मुलाला तासभर फैलावर घेतलं, आणि तो हसतच घरी गेला.

मंडळी, आपलं माणूस गप्प आहे म्हणजे सुखात आहे असं धरून चालू नका. गोळी मागण्याआधी एकदा त्याच्या पायातला बूट काढून बघा!